थोरलीचा सूर

दोष आधी कोळ्यांवर आला.

बाला म्हणजे टिपऱ्यांनी वाजवायचं वाद्य; तिच्या लाकडी पट्ट्यांखाली भोपळे टांगलेले असतात. त्या भोपळ्यांना बारीक भोकं पाडून वर कोळ्याच्या अंड्यांचा पापुद्रा चिकटवतात. म्हणून तर पट्टीवर टिपरी पडली की नुसतं टण्ण होत नाही, मागून भुणभुण उठते. ती नसेल तर बाला म्हणजे नुसतं फळकूट. त्या वर्षी भात कापणीला आलं आणि माझे थोरले दीर लान्सिने म्हणायला लागले की भुणभुण गेली. म्हणे, कोळी आळशी झालेत, पापुद्रा जाड घालतात. झालं, आम्हा बायकांना हातातली कामं सोडून भिंती आणि कोठारांच्या मागच्या बाजू खरवडायला लावलं. मी ओंजळ भरून आणली. त्यांनी पापुद्रे चिकटवले, वाजवून पाहिलं, मान हलवली, उपटून टाकले आणि परत आणायला सांगितलं. गावातल्या कोळ्यांचा वंश बुडायची वेळ आली. आणि भुणभुण तर चांगली होती. माझ्या दातांत जाणवत होती.

मी नान्युमा, त्यांच्या धाकट्या भावाची, केमोकोची बायको. आम्ही जेली, पिढीजात गाण्या-वाजवण्याचं कूळ. आमच्यातले पुरुष बाला वाजवतात, बायका गातात आणि लोखंडी नळीवर सळईने ठेका धरतात. गावात तेव्हा एकच रेडिओ होता आणि तोही बॅटरीवाचून बहुतेक मुकाच असायचा, त्यामुळे सूर म्हणजे काय हे आमच्याच अंगणात ठरायचं. ते ठरवायचा हक्क घरातल्या थोरल्याचा. तो सांगेल तो सूर खरा. पट्टी खालून मधे तासली की सूर उतरतो, टोकाला तासली की चढतो. हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण सुरी धरायची एकानेच, थोरल्याने.

थोरल्या दिराशी आमच्यात सून समोर उभी राहून बोलत नाही. जेवण ठेवताना गुडघे टेकायचे, नजर खाली, तोंडावर नाव घ्यायचं नाही. धाकट्या दिराच्या डोक्यात चप्पल मारली तरी लोक हसतात, पण थोरल्यापुढे मोठ्याने शिंकायचीही चोरी. जाऊबाई गेल्यापासून लान्सिनेभाऊजींचं जेवण माझ्याच चुलीवरचं होतं. भाताबरोबर शेंगदाण्याचं दाट कालवण त्यांना आवडायचं, आणि भांडं परत देताना ते नेहमी काहीतरी चांगलं बोलायचे, माझ्याकडे न बघता, भांड्याकडे बघत. माणूस भला होता. वाईट असता तर मला सोपं गेलं असतं.

त्यांचा कान चालला होता. वरचा सूर त्यांना खाली ऐकू यायचा आणि बारक्या पट्ट्यांची भुणभुण तर पोचतच नव्हती. मला हे कानाने कळलं नाही, गळ्याने कळलं. बाला सुरू होते, त्यावर गळा टेकवायचा आणि गायचं, बस. तिथे टेकायची जागा दर हंगामाला थोडी थोडी वर सरकत होती. बारशाला गेले तर शेवटच्या ओळीला घसा ताणावा लागला. लग्नाला गेले तर त्याहून जास्त. मला वाटलं वय झालं. मग लक्षात आलं की ज्या घरी बाला नुकती भाऊजींच्या हातून गेलीय, तिथेच असं होतं. सणाआधी गावातला जो तो आपली बाला त्यांच्याकडे सुरात लावायला आणायचा. भाऊजी बारक्या पट्ट्या कानाशी धरायचे, म्हणायचे, "उतरलीय ही," आणि टोकाला तासायचे. लोक हात जोडून न्यायचे. दोन-तीन वर्षांत गावात एकही बाला जागेवर राहिली नव्हती.

एक सोडून. ती थोरली.

थोरली ही भाऊजींच्या आजोबांच्याही आधीची. तिच्यावरून बाकीच्या जुळवायच्या, अशी रीत. ती भाऊजींच्या खोलीत चुलीच्या धुरावर टांगलेली असायची आणि वर्षातून एकदा, पीक घरात आल्यावर, सणाच्या शुक्रवारी नमाजानंतर बाहेर निघायची; गेली दोन-तीन वर्षं तर ती एकटीच वाजली होती. एरवी भाऊजी तिला काढायचेच नाहीत. म्हणायचे, "कशाला? ती माझ्या डोक्यात आहे." त्या डोक्यातल्या थोरलीवरून त्यांनी गाव तासलं होतं. मला एकच दिलासा होता, की खरी वर टांगलेली आहे. सगळं बिघडलं तरी तिच्यावरून परत लावता येईल.

त्या वर्षी सणाच्या दोन दिवस आधी त्यांनी तिला खाली काढलं, पुसलं आणि केमोकोला शेजारी रोजची बाला घेऊन बसवलं. दोघांनी एकत्र सुरुवात केली. भांडण लागलेल्या दोन सवतींसारख्या त्या दोघी वाजायला लागल्या. भाऊजींनी टिपऱ्या खाली ठेवल्या. मी दारात धान्य पाखडत होते, माझं सूप थांबलं. मला वाटलं, आता कळेल. आता तरी कळेल.

ते बराच वेळ थोरलीच्या बारक्या पट्ट्यांवरून बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, "हिलाही वय झालं, केमोको. गावातल्या सगळ्या बाला एकीकडे आणि ही एकटी एकीकडे. चुकलं कोण? शुक्रवारच्या आत हिला सरळ करतो."

केमोको म्हणाला, "बरं, दादा."

मला त्या 'बरं'ची इतकी चीड आली की मी अर्धं धान्य कोंड्यात पाखडलं. संध्याकाळी तो कुदळीला दांडा बसवत होता तिथे गेले.

"ऐकलंस ना?"

"काय?"

"सोंग करू नकोस. थोरली बरोबर आहे. बाकीच्या बिघडल्यात."

"दादा म्हणतो उलट आहे."

"दादा म्हणतो. तुझा कान काय म्हणतो?"

त्याने दांडा ठोकला. "माझा कान धाकटा आहे."

"मग त्या धाकट्याला सांग, उद्या-परवा तुमच्या पणज्याची बाला लाकडाचा भुसा होणार."

"नान्युमा, बाबा वारले तेव्हा मी एवढासा होतो. टिपरी कशी धरायची हे मला दादाने शिकवलं. पहिला सूर त्याने दिला. त्याचा कान गेला असं मी सांगू? कोणत्या तोंडाने?"

"ज्या तोंडाने जेवतोस त्याने."

"जेवणही तोच देतो," केमोको म्हणाला. मग जरा थांबून, हळूच, "एवढं काय त्यात. टोकाला तासलेलं मधे तासून परत उतरवता येतं."

"कुठपर्यंत उतरवशील?"

कुदळ पक्की बसली होती तरी तो ठोकत राहिला. तो भेकड नव्हता. त्याच्या जागी गावातला कुठलाही धाकटा भाऊ तेवढंच बोलला असता, आणि मी त्याची बहीण असते तर मीही त्याला गप्प बसायलाच सांगितलं असतं.

उरला मोरीफिंग लोहार. त्याच्या कुळाचं आणि आमच्या कुळाचं थट्टेचं नातं आहे. पूर्वापार आहे, ते कोणी मोडू शकत नाही. त्याने भाऊजींना चवळीखाऊ म्हणावं, भाऊजींनी त्याला माझा पळालेला गुलाम म्हणावं. मयताच्या घरीसुद्धा तो येऊन प्रेताला म्हणतो, ऊठ, ढोंग पुरे, आणि कोणी रागवत नाही. थोरल्याला तोंडावर काहीही बोलायची मुभा गावात कोणाला असेल तर त्याला. मी भट्टीवर गेले आणि सगळं सांगितलं. तो भाता ओढायचा थांबला.

"मलाही तसंच वाटत होतं," तो म्हणाला. "सांगतो मी."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आला. अंगणात शेंगा फोडायला शेजारपाजार जमलं होतं. भाऊजी सुरी शोधत होते.

"काय रे चवळीखाऊ," मोरीफिंग दारातूनच म्हणाला, "ऐकू येतंय का, की भेरी आणू?"

"गुलाम ओरडला म्हणून मालक वळून बघत नाही."

"बघशील कसा? चवळी खाऊन खाऊन कान बुजलेत तुझे. बारक्या पट्ट्या तुला ऐकूच येत नाहीत. गावातल्या सगळ्या बाला वाकड्या करून ठेवल्यास."

अंगण हसलं. भाऊजीही हसले. "वाकड्या? तुझ्या बापाने केलेला विळा बघितलायस का? त्याने गवत कापलं की गवत हसायचं."

"माझा बाप लोहार होता. तुझ्या बापाने मात्र बहिरा जन्माला घातला आणि त्याच्या हातात सुरी दिली."

बायका शेंगा टाकून पोट धरायला लागल्या. मी हसले नाही. मोरीफिंगने माझ्याकडे एकदा बघितलं. मग तो भाऊजींसमोर जमिनीवर बसला, त्याने डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली आणि आवाज खाली आणला.

"लान्सिने, थट्टा सोड. मी मनापासून सांगतोय. तुझा कान गेलाय. थोरलीला हात लावू नकोस."

शेंगेचं टरफल कोणाच्या बोटात मोडलं तेवढंच ऐकू आलं. भाऊजी त्याच्याकडे टक लावून बघत होते, आणि मला वाटलं, लागलं. शब्द बरोबर जागी लागला.

मग त्यांचे खांदे हलायला लागले. "टोपी काढली रे याने," ते म्हणाले, "टोपी काढून सांगतोय, बघा," आणि ते इतके हसले की डोळ्यांत पाणी आलं. त्यांच्याबरोबर सगळं अंगण. मोरीफिंग म्हणत होता, "अरे खरंच सांगतोय," आणि त्याच्या दर 'खरंच'ला हसू आणखी वाढत होतं. थट्टेच्या नात्यातला माणूस टोपी काढून शपथेवर बोलतो यापेक्षा मोठी थट्टा कोणी ऐकली नव्हती. भाऊजींनी डोळे पुसले, त्याच्या हातात मानाचं कोलाफळ ठेवलं आणि म्हणाले, "यंदाची सगळ्यात झकास. आता एवढं हसवलंस तर या सुरीला धार लावून दे. गुलामाने काहीतरी काम करावं."

त्या नात्यात मागितलेल्याला नाही म्हणता येत नाही. मोरीफिंगने सुरीला धार लावली. मी पाठोपाठ भट्टीवर गेले होते. तो दगडावर पातं घासत होता आणि माझ्याकडे बघत नव्हता.

"बोथटच ठेव," मी म्हटलं.

"बोथट सुरीने तो जास्त तासेल. लाकूड फाटेल." त्याने पात्यावरून अंगठा फिरवला. "आयुष्यभर त्याच्याशी हसतच बोललो, नान्युमा. आज खरं बोलायला दुसरं तोंड आणू कुठून?"

त्याने सुरी माझ्याच हाती दिली. ती घरी आणून मी भाऊजींच्या दारात ठेवली. न ठेवून काय करणार होते? घरात आणखी सुऱ्या होत्या.

शुक्रवारी सकाळी त्यांनी मला बोलावलं. सूर लावताना बाई लागतेच. पट्टीवर गळा टेकवून बघायचा, पट्टी आणि गळा एक झाले की झालं. केमोको पट्ट्यांच्या दोऱ्या सोडवत होता. मी भिंतीकडे तोंड करून बसले. भाऊजींनी सगळ्यात बारकी पट्टी उचलली, खाली टोकाशी सुरी टेकवली आणि थोडंसं तासलं. गडद लाल लाकडाची एक बारीक ढलपी पडली. त्यांनी पट्टी वाजवली.

"गा," ते म्हणाले.

मी गायले. पण त्या पट्टीवर नाही. पट्टी जिथे काल होती तिथे गायले. जीव एकवटून तो जुना सूर धरून ठेवला, पट्टी वर ओढत होती आणि मी सोडत नव्हते. दोन्हीमधून अशी खरखर उठली की केमोकोने डोळे मिटले.

"गळा बसलाय तुझा," भाऊजी मायेने म्हणाले. "केमोको, हिला आलं उकळून दे."

तेव्हा मी करू नये ते केलं. वळले, त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि बोलले. "भाऊजी, गळा बसला नाही. पट्टी बरोबर होती. थोरली बरोबर आहे. तुम्हाला ऐकू येत नाही."

केमोकोच्या हातातून दोरी सुटली. भाऊजी रागावतील असं मला वाटलं. रागावले असते तर मीही रागावले असते, ओरडले असते, अंगण गोळा केलं असतं. ते रागावले नाहीत. त्यांनी सुरी खाली ठेवली आणि पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं.

"तू आलीस तेव्हा पहिल्या दिवशी थोरलीला काय म्हणाली होतीस, आठवतं? रडकी म्हणाली होतीस."

आठवत होतं. माझं माहेर ओढ्यापलीकडे, तिथल्या बालांचा सूर वेगळा. प्रत्येक गावाचा वेगळाच असतो. लग्न होऊन आले तेव्हा पूर्ण एक हंगाम माझा गळा या घरच्या सुरावर बसत नव्हता आणि बायका तोंडावर पदर धरून हसायच्या. बसवला तो भाऊजींनी. रोज संध्याकाळी दाराआड मला बसवून, एकेक पट्टी वाजवून, कधीही न चिडता.

"लग्न झालं तरी कान माहेरचाच राहतो, पोरी," ते म्हणाले. "त्यात तुझा दोष नाही. वय झालं की माणसाला माहेर आठवतं."

मला वाटलं, खरंच तसं असेल तर? मी आठवून बघायला लागले, माहेरचा कुठला आणि इथला कुठला, आणि जितकं आठवू गेले तितकं ते एकमेकांत मिसळायला लागलं. केमोकोकडे बघितलं. त्याला ठाऊक होतं. तो दोरी वळत होता. मी परत भिंतीकडे तोंड केलं.

त्यांनी एकेक पट्टी घेतली. बारक्या आधी, मग मधल्या. हात अजून इतका हलका होता की बघत राहावं. कान गेला तरी हाताला ते कळलं नव्हतं. प्रत्येक पट्टीनंतर ते म्हणायचे, गा, आणि मी गायचे. सुरुवातीला जुन्या जागी धरून राहिले. मग घसा दुखायला लागला. मग कधीतरी, कुठल्या पट्टीला ते मला सांगता येणार नाही, मी सोडलं आणि ते नेतील तिथे गेले. ते म्हणाले, "हां, आता बसला." सगळं झाल्यावर लाल भुसा मी झाडला. दुसरं कोण झाडणार होतं.

नमाजानंतर अंगण भरलं. भाऊजींनी मनगटांना घुंगरं बांधली, थोरलीपुढे बसले आणि वडिलांचं गाणं सुरू केलं. थोरली गावातल्या बाकीच्या बालांशी अगदी जुळली होती. लोकांनी माना डोलावल्या. तरुणांना तर फरकही कळला नाही, त्यांच्या कानांना याच सुराची सवय झाली होती. आणि भाऊजी वाजवता वाजवता रडायला लागले. टिपऱ्या थांबल्या नाहीत, पाणी दाढीवरून पट्ट्यांवर पडत होतं.

"केमोको," ते म्हणाले, "बाबा आले रे. किती वर्षांनी. असंच वाजायचं, ऐकलंस? असंच."

तेव्हा मला समजलं आणि माझा राग संपला. राग संपल्यावर हातात काहीच उरलं नाही. लहानपणी त्यांना थोरली जशी ऐकू यायची तशी ती आज त्यांना परत ऐकू येत होती. त्यांच्या पडलेल्या कानाला पुरेल इतकी त्यांनी ती वर नेली होती. जगात फक्त एका माणसासाठी ती आता बरोबर होती, आणि त्याला इतका आनंद झालेला मी कधी पाहिला नव्हता. केमोको म्हणाला, "हो दादा, असंच." मी नळी उचलली, ठेका धरला आणि गायले.

भाऊजी पुढच्या पावसाळ्यानंतर गेले. ते वर्षभर रोज थोरली वाजवायचे, परत वर टांगलीच नाही, आणि मी रोज गायचे. मयताला मोरीफिंग आला, रीतीप्रमाणे उशाशी उभा राहून म्हणाला, "ऊठ चवळीखाऊ, ढोंग पुरे." मग त्याने डोक्यावरची टोपी काढली. तो तसाच बाहेर गेला.

चाळीस दिवस झाल्यावर एका सकाळी केमोकोने थोरली अंगणात आणली. आता घरात थोरला तोच होता. त्याने सगळ्यात बारकी पट्टी सोडवली, उलटी केली, मधोमध सुरी टेकवली. दादाच्या हाताच्या खुणा टोकाला दिसत होत्या. तो थोडंसं तासायचा, वाजवायचा, ऐकायचा, परत तासायचा. सूर उतरत होता. मग त्याचा हात थांबला.

"नान्युमा," त्याने हाक मारली. मी चुलीपासून उठून आले. "कुठपर्यंत?"

"तुला नाही सांगता येत?"

"मला वाटलं होतं येईल." तो पट्टीकडेच बघत होता. "तू गा. तू धरून ठेवला होतास ना. तू गा, मी तिथपर्यंत आणतो."

मी भिंतीकडे तोंड केलं. डोळे मिटले. दाराआडची ती संध्याकाळ आठवली, नवी नवरी होते तेव्हाची, आणि एकेक पट्टी वाजवणारे, कधी न चिडणारे भाऊजी. त्यांनी तेव्हा दिलेला सूर आठवला. तो मला अगदी स्वच्छ आठवला. मी तोंड उघडलं आणि गायले.

केमोकोने ऐकलं. मग त्याने शेजारी ठेवलेल्या रोजच्या बालाची तीच पट्टी, दादाने चढवलेली, हळूच वाजवली. माझा गळा आणि ती पट्टी, दोन्ही एकच होते. त्याने सुरी खाली ठेवली.